सहा आवाजांतला मधला

कोल्हापुरात केबलच्या कंट्रोल रूममध्ये मी अकरा वर्षं काम करते. गच्चीवर डिश, खालच्या खोलीत एकावर एक रचलेले रिसीव्हर, आणि त्यांना गरम होऊ नये म्हणून कायम चालू असलेला एसी. मला थंडी वाजते ती वाजते. उपग्रहावरून आलेलं चॅनेल रिसीव्हरमधून काढायचं आणि पार हातकणंगल्यापर्यंत घराघरांत पोचवायचं, एवढंच काम. ते बिनबोभाट चाललं तर आम्ही आहोत हेही कुणाच्या ध्यानात नसतं.

त्या सोमवारी मात्र सकाळपासून फोन थांबेनात. एकाच मराठी चॅनेलची तक्रार होती, पण ती काय आहे हे कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. आवाज येतोय, पण येत नाही. गाणं येतंय, बोलणं येत नाही. पट्टणकोडोलीकडच्या एक बाई फारच वैतागल्या होत्या. म्हणाल्या, "ताई, ती सून रडताना दिसत्या, भांडी आपटल्याली ऐकू येत्यात, पण रडत्या कशापायी त्ये कळंना झालंय."

मी रिसीव्हरला हेडफोन लावला. सून रडत होती आणि का रडते तेही स्वच्छ ऐकू येत होतं. सासूनं तिच्या माहेरचं नाव काढलं होतं. मी बाईंना सांगितलं की आमच्याकडे सगळं ठीक आहे, तुमचा टीव्ही तपासून घ्या. हेच वाक्य मी त्या दिवशी तीसेक लोकांना ऐकवलं असेल. मालकांनी दोन लाईनमनना जोडण्या तपासायला पिटाळलं. ते दिवसभर खांबांवर चढून उतरून आले आणि केबलमध्ये काहीच दोष नाही म्हणाले. चॅनेलच्या मदत केंद्रातल्या मुलानं मला तेवीस मिनिटं संगीत ऐकवलं आणि शेवटी रिसीव्हर बंद करून चालू करायला सांगितलं. केला. मंगळवारी दुसऱ्या मुलानं तेच सांगितलं. पुन्हा केला. हेडफोनमध्ये सगळं उत्तम आणि फोनवर शिव्या. लोक ठरवून मला छळताहेत की काय, असंही मनात येऊन गेलं.

मंगळवारी संध्याकाळी घरी आले तेव्हा वडील टीव्हीसमोर बसले होते. त्यांनी छत्तीस वर्षं इचलकरंजीत माग चालवले. मागाच्या खडखडाटानं कान तेव्हाच अधू झालेले, त्यामुळे आमच्या घरी टीव्हीचा आवाज शेजाऱ्यांनाही पुरतो. दिवसभर पडदे बघून मी घरी टीव्हीकडे पाठ करूनच बसते. पण त्या दिवशी आवाज अगदी बारीक होता आणि वडील पडद्याकडे बघतही नव्हते. शेजाऱ्यांशी भांडण झालं की काय म्हणून मी विचारलं. म्हणाले, "माझं कान गेलं आता."

मी जवळ जाऊन मोठ्यानं विचारलं, म्हणजे काय?

"गाणं-वाजाप ऐकू येतंय. माणसाचं बोलणं तेवढं येत न्हाय. मागं डाक्टर म्हणालावता की, आधी बोलणं जातं म्हणून."

टीव्हीचा आवाज मी वाढवला. तेच चॅनेल लागलं होतं. पावलं वाजली, दार वाजलं, व्हायोलिन वाजलं. माणसं तोंडं हलवत होती आणि शब्द एकही नव्हता.

तिथल्या तिथे मला कळलं आणि स्वतःचाच इतका राग आला की काय सांगू. चॅनेलनं न कळवता आवाजाची पद्धत बदलली होती. आधी डावा आणि उजवा असे दोनच आवाज यायचे, आता थिएटरसारखे सहा येत होते. त्यांतला एक मधला, आणि संवाद सगळे त्या मधल्यात. आमच्या केबलवर दोनच जातात. सहांचे दोन करताना मधला दोन्हीकडे मिसळायचा असतो, त्यालाच डाऊनमिक्स म्हणतात. रिसीव्हरला तसं सांगितलेलं नसलं तर तो मधला सरळ टाकून देतो. हेडफोनच्या भोकाला मात्र तो आपोआप मिसळून देत होता. म्हणजे सगळ्या जिल्ह्यात बोलणं ऐकू येत होतं ते मला एकटीला.

आणि तो राग मी काढला वडिलांवर. "दोन दिवस मला सांगितलं का न्हाई तुम्ही?"

"सांगून काय करणार हुतीस? नवं कान आणून बसवणार हुतीस?"

बुधवारी सकाळी आठला मी रिसीव्हरसमोर बसले. आवाजाच्या पानावर डाऊनमिक्ससमोर 'ऑफ' होतं. ते बदललं. फरक शून्य, कारण ते पान पहिल्या आउटपुटचं होतं आणि केबलला आम्ही दुसरा जोडलेला. त्याचं पान तीन मेनू आत. तिथं बदललं आणि आवाज आला. तेवढ्यात मालक आत आले, मदत केंद्रानं सांगितलंय म्हणाले आणि मी हो-नाही म्हणायच्या आत त्यांनी रिसीव्हर बंद करून चालू केला. सगळं पुन्हा 'ऑफ'. बदल कायमचा जपून ठेवायचा मेनू आणखी वेगळा होता. मालकांना मी त्या खोलीतून बाहेर जायला सांगितलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच. ते गेलेही.

साडेनऊला घरी फोन केला. वडिलांनी उचलला, पण मागून टीव्हीवरची सासू इतक्या मोठ्यानं कडाडत होती की त्यांना माझं एक अक्षर कळलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी त्यांना कान तपासायला नेलं. काचेच्या खोलीत बसवून हातात बटण दिलं, शिट्टी ऐकू आली की दाबा म्हणून. वडील भराभर दाबत राहिले. डॉक्टरांनी तीनदा पहिल्यापासून सुरू केलं, मग दार उघडून मला म्हणाले, "मी अजून सोडलीच नाही ती शिट्टीही यांना ऐकू येतेय." काचेपलीकडे वडील बटण घट्ट धरून, मान ताठ करून बसले होते. आत जाऊन मला त्यांना समजवावं लागलं की इथं कुणी पास-नापास करत नाही.