घराला काढलेलं दार

मी एका पेशंटच्या चित्रातल्या घराला दार काढून दिलं.

बोळिंजच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये, चित्रांतून उपचार कसे करायचे ते आम्हा समुपदेशकांना शिकवायला एक बाई यायच्या. समोरचं माणूस चित्र काढू लागलं, की त्या स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायच्या. "हातांना मदत करायची फार खाज असते," म्हणायच्या. माझ्या हातांना तर ती होतीच.

तिथेच उपचारासाठी नायगावहून येणाऱ्या त्या पेशंट ताई कुणाशीच बोलत नसत. माझं दार पाहून त्यांनी खडू ठेवला आणि पर्स उचलली. या काही आता परत येत नाहीत, असं मला वाटलं. मी खोडरबर शोधू लागलो.

बाईंनी मला नजरेनेच थांबवलं. हात तसेच मांड्यांखाली. "ताई, घर तुमचं आहे. या दाराचं काय करायचं?"

ताई उभ्याच राहिल्या. मग बसल्या, आणि काळ्या खडूने दार पार बुजवून टाकलं. बाई नुसत्या बघत होत्या. इतकं कमी करायला किती शिकावं लागत असेल!

ताई माझ्याकडे वळल्या.

"भाऊ, दुसऱ्याच्या घरात असेच घुसता काय तुम्ही?"