डिकी बाजारातून ती का उठून गेली

आमच्या गावातली दगडाची खदान बंद पडून बरीच वर्षं झाली. क्रशर भंगारात गेलं, खड्ड्यात पाणी साचलं आणि जिथं ट्रक भरले जायचे त्या सपाट जागेवर बाभळी उगवल्या. मागच्या दिवाळीत पुण्याला कामाला असलेली पोरं गाड्या घेऊन गावाकडं आली. त्यांनी ती जागा साफ केली आणि टूम काढली: घरात पडून असलेलं सामान गाडीच्या डिकीत मांडायचं आणि विकायचं. पैसे ज्याचे त्याला, थोडी वर्गणी खदानीच्या पाण्याला कुंपण घालायला. ज्यांच्याकडं गाडी नव्हती त्यांनी ट्रॅक्टरची ट्रॉली लावली, एकानं तर बैलगाडी आणली. मी खदानीचा जुना मुकादम. गाड्या ओळीत लावायचं काम माझ्याकडं आलं.

त्या दिवसाबद्दल गावात एक गोष्ट सांगतात. बौद्ध वस्तीतली एक बाई भाव पटला नाही म्हणून फणकाऱ्यानं निघून गेली, अशी. ही गोष्ट मी सुरू केली. ती खोटी आहे.

त्या बाईनं आणि तिच्या नवऱ्यानं आपली उमेदीची वर्षं याच खदानीत घालवली. तो सुरुंगाची भोकं पाडायचा, ती पाट्यांनी खडी भरायची. मुलगा शिकून सेलूला कारकून झाला. त्याच्या लग्नात आलेले स्टीलचे डबे आणि ताटं जास्तीची होती, तीच तिनं त्याच्या गाडीत भरून आणली होती. प्रत्येक भांड्यावर नवरानवरीचं नाव आणि नावाच्या वर बोटाच्या पेराएवढं धम्मचक्र कोरलेलं होतं.

"या माय, या! नवंकोरं हाय, पोरीच्या संसाराला द्या!" ती ओरडत होती.

शेजारी जुना कूलर विकणारा म्हणाला, "मावशे, तुज्या आरडण्यानं माजा बंद कूलर चालू व्हायलाय."

"मंग त्याचे बी पैसे मलाच दे."

भांड्यांसोबत आणलेल्या दोन खुर्च्या आणि छत्री लगेच विकल्या गेल्या. भांडी मात्र जाईनात. बाया डबा उचलायच्या, आतून बोट फिरवायच्या, मग आपल्याकडं कुणाचंही भांडं हातात आलं की नाव बघायची सवय असते तशा तो फिरवून बघायच्या आणि खाली ठेवायच्या. चक्र दिसलं की हात मागं यायचा.

मग माझी सून आली. तिला पिठाला डबा हवाच होता.

"केवढ्याला, मावशी?"

"तू काय परकी हायेस? तूच बोल."

सुनेनं डबा फिरवला. "झाकण सैल वाटायलंय," ती म्हणाली.

बाईनं झाकण दाबलं आणि झाकणाला धरून अख्खा डबा वर उचलला. "हे बघ. हालव की."

"राहू द्या. मंग बघते."

मी तिथंच उभा होतो. सून गेल्यावर मी बाईजवळ गेलो आणि हळू आवाजात म्हणालो, "वैनी, तिकडं वेल्डिंगवाल्याकडं घासायचा कागद हाय. वरचं तेवढं चक्र घासून घ्या. दुपारपर्यंत समदं जाईल."

मला खरोखर वाटत होतं की मी तिला मदत करतोय.

आमच्या घरानंही ट्रॉलीत जुनी भांडी विकायला मांडली होती, तिकडं तिनं बघितलं. "मुकादम, तुमच्या त्या घागरीवर गणपती काढलाय. तो घासला का?"

तिनं एकेक डबा परत आत ठेवला, मुलाला हाक मारली आणि गाडी निघून गेली.

"काय झालं, काका?" पोरांनी विचारलं. सून जवळच उभी होती.

"भाव पटला न्हाई तिला," मी म्हणालो.

यंदाच्या बाजाराची बैठक पारावर बसली तेव्हा कुणीतरी विचारलं, त्या वस्तीत कळवायचं का? दुसरा म्हणाला, "राहू द्या, त्यांचे भाव मॉलचे हायेत." सगळे हसले. तेव्हा मी बोललो. सुनेसकट सगळं सांगितलं. मग एक जण म्हणाला, "काका, सणाच्या तोंडावर कशाला उकरायलाव?" आणि विषय तंबूच्या भाड्याकडं गेला.

घरी सून ताट वाढायची, बोलायची नाही. एकदा म्हणाली, "समद्या बायांनी डबे ठेवले. नाव माजंच घेतलाव." ती खोटं बोलत नव्हती. पण बाकीच्या बायांसाठी मी खोटं बोललो नव्हतो.

शेवटी भर उन्हात मी त्या बाईच्या घरी गेलो. ती ओसरीत तूर निवडत होती.

"पोरांना खरं काय ते सांगितलं, वैनी."

"आलं कानावर. सुनेचं बी सांगितलाव म्हणं."

"हां."

"बरं. पाणी देऊ?"

"नको, आत्ताच पिऊन आलो."

खरं तर सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. खदानीवर पाण्याचे रांजण दोन होते, एक वस्तीतल्यांचा, एक बाकीच्यांचा, आणि ते वेगळे ठेवायची व्यवस्था माझी होती. त्यांच्या वस्तीत कुणाच्याही दारात ‘आत्ताच पिऊन आलो’ हे एकच वाक्य मी जन्मभर बोलत आलो. विचार करायच्या आधीच ते तोंडातून गेलं. तिनंही ते ओळखलं. मान खाली घालून ती खडे वेचत राहिली.

मी बराच वेळ बसलो. मग म्हणालो, "वैनी, तहान लागलीय."

गुडघ्यावर हात ठेवून ती उठली. तांब्या भरून आणला. मी पाणी प्यालो. तिनं रिकामा तांब्या माझ्या हातातून घेतला.

"प्यालात, बरं केलंत," ती म्हणाली. "पण यंदा मी येत न्हाई, मुकादम. पोरगा बी यायचा न्हाई. आमची जागा राखू नका. दुसऱ्या कुणाची गाडी लावा तिथं."