माग दुकानापर्यंत गेला

आमच्या साक्रीकडच्या गावांत जनावर चोरीला गेलं की लोक आधी पोलिसाकडे जात नसत, माझ्याकडे येत. मी चौथीतून शाळा सोडलेला, पण मातीवरचं पाऊल मला वाचता येतं. चोर अनवाणी की चपलेचा, एका पायावर जड चालतो का, हे मी बघून सांगायचो. पहिलं चांगलं पाऊल सापडलं की त्याच्यावर वेताची पाटी पालथी घालायची. मग वारा लागत नाही, शेळी तुडवत नाही, बघ्यांचे पाय पडत नाहीत. त्या एका पावलाशी पुढची पावलं ताडत जायचं. हे आधी सांगून ठेवतो, कारण जळगावला मी जे केलं त्याला लोक हसले, आणि माझ्या मते त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. माझी मुलगी जळगावला वसतिगृहात राहून कॉम्प्युटर शिकत होती. आमच्या गावातून एवढं शिकायला कुणाची पोर गेली नव्हती. तिचं लग्न धुळ्याला जमलं. मुलगा पुण्यात नोकरीला, माणसं चांगली. साखरपुड्याची बोलणी चालू असताना मुलाच्या वडिलांचा गावातल्या फोनवर निरोप आला, "आबा, जरा थांबू या."

मी धुळ्याला जाऊन विचारलं. त्यांनी खाली मान घालून सांगितलं. मुलाला कुणीतरी ईमेल पाठवला होता. खाली नाव नाही. मुलीला फेफरं येतं, घरचे लपवतात, असं त्यात लिहिलेलं.

माझ्या डोक्यात लगेच चुलतभाऊ आला. माझ्याहून मोठा, बांधावरून आमचं बरीच वर्षं बोलणं बंद. त्याचा मुलगाही जळगावलाच कॉलेजात. दुसरा कोण असणार?

तसाच जळगावला गेलो. मला वाटलं पोर रडत बसली असेल. ती जेवून, वेणी घालून तयार होती. मुलाने ते पत्र जसंच्या तसं तिला पाठवलं होतं, ही त्याची माणुसकी. ते कुठून निघालं हेही तिने वाचून काढलं होतं. कॉलेजजवळच्या एका सायबर कॅफेने स्वतःचा एक ईमेलचा पत्ता ठेवला होता. ज्याचा स्वतःचा नसेल त्याने दुकानाच्या पत्त्यावरून पाठवायचं. हे पत्र त्याच पत्त्यावरून आलेलं. चोर म्हणजे आमच्या हातात आलाच, असं मला वाटलं.

दुकानात गेलो. दुकानदार भला माणूस, खुर्ची दिली.

"काका, गेलं इथूनच. पण बसलं कोण होतं ते मला कसं ठाऊक? दिवसभर पोरं येतात, बसतात, उठून जातात."

"मशीन कोणतं?"

"पत्रावरची वेळ बघता ते कोपऱ्यातलं असेल."

त्या कोपऱ्यात एक विद्यार्थी टाइप करत होता. त्याला उठवलं. खांद्यावरचं उपरणं काढून त्या बटनांच्या फळीवर पसरलं, चारी कोपरे खाली खोचले आणि शेजारी मांडी घालून बसलो. "आता याला कोणी हात लावायचा नाही!"

मागून एक जण म्हणाला, "काका, कॉम्प्युटरला थंडी वाजतेय का?" सगळं दुकान हसलं.

माझी पोर हसली नाही. माझ्यावर चिडलीही नाही. एवढ्या तिच्या ओळखीच्या पोरापोरींसमोर ती माझ्याशेजारी फरशीवर बसली. माझ्याशी ती घरची अहिराणी बोलायची, तशीच त्या शहरातल्या दुकानात बोलली.

"आबा, जनावर गया ती वाट एकच रहास. आठे, या दुकानमा, कितला लोके येतस, आनि त्याच बटनंवर बोटं ठेवतस. पाटी कशावर घालशात?"

"पोलिसले सांगू."

"पोलीस कागद धाडतीन, फोनवाला सांगतीन, आनि फिरीफिरी याच दुकानले येतीन. खुर्चीवर कोन व्हतं, ते कोनी सांगाव नही."

"मंग सोडी देवानं?"

"माले त्याले नही धरनं, आबा. माले मन्हं नाव साफ करनं शे."

मी उपरणं काढलं. तिने दुसऱ्या मशीनवर बसून मुलाला स्वतःच्या नावाने लिहिलं: आमच्या शेतात भरताची पंगत आहे, आईवडिलांना घेऊन या.

गावी आल्यावर ती म्हणाली, चुलतकाकालाही बोलवा. मी भडकलो. ज्याच्या पोराने घर पेटवलं त्याला मी वाढू? ती उठली. स्वतः त्यांच्या ओट्यावर जाऊन आमंत्रण देऊन आली. आमच्यात भरताला बोलावल्यावर नाही म्हणत नाहीत. माणूस येतो, खातो, हात धुतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधावर भांडतो.

कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजली, लाकडी उखळीत ठेचली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी झाल्या. धुळ्याची मंडळी आली. चुलतभाऊ आणि त्याची बायको आली, तीही माझ्याकडे न बघता. पंगत बसली. पहिला घास होतोय तोच माझी मुलगी वाढायचं भांडं खाली ठेवून उभी राहिली. हातात त्या ईमेलचा कागद. तिने तो मोठ्याने वाचला, इंग्रजीतलं मराठीत सांगत, एक शब्द न गाळता. फेफरं हा शब्द स्वतःच्या तोंडाने सगळ्या भाऊबंदांसमोर उच्चारला. माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली. मला पावलं वाचता येतात, पण असं उभं राहणं मला जमलं नसतं.

"लहानपणी मी विहिरीजवळ पडले होते, हे खरं आहे," ती म्हणाली. "तेव्हा जे जवळ होते ते इथेच बसलेत. त्यांना विचारा. मला बाहेर जायला सांगाल तर जाते."

 मुलाचे वडील ताटाकडे बघत होते. मग चुलतभावाची बायको उठली. तोंडात घास होता, तो गिळून म्हणाली, "मी व्हतू तठे. मन्हाच मांडीवर तिनं डोकं व्हतं. चैतनं ऊन, पोर सकायपासून उपाशी. पानी पाजं, गूळ दिना, घडीभरमा कैऱ्या पाडाले पळनी. फेफरं म्हने! ज्यानी लिखं त्याले येवो!"

"मोठी माय, शाप नको देऊ," माझी मुलगी म्हणाली.

"देसू! मन्ही पोर शे ती बी."

चुलतभाऊ आपल्या ताटावर बसून फक्त मान हलवत होता, होय म्हणून. त्याच्याकडे मी एवढ्या वर्षांत जेवढं बघितलं नव्हतं, तेवढं तेव्हा बघितलं.

मुलाच्या वडिलांनी माझ्या मुलीला जवळ बोलावलं. "बेटा, विचारायला मी यायला हवं होतं. तू का उभी राहिलीस?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "व्याही, भरीत आणा अजून. आणि साखरपुडा कधी करायचा ते आजच ठरवू."

पाहुणे गेल्यावर भांडी घासत असताना मी तिला विचारलंच. सवय जात नाही.

"पन ते पत्र धाडं कोनी व्हई?"

"काय माहीत, आबा. आज आपली पंगतमा जेवी बी गया व्हई."

"आनि तुले काही वाटत नही?"

"वाटस. भरीत तिखट व्हतं का?"