दिग्रसचं रामेन आणि दुसऱ्यांदा मागितलेला रस्सा

स्वतःचं म्हणणं खरं करायला माणूस काय काय करतो पहा. मी वर्ध्याहून दिग्रसपर्यंत दीडशे किलोमीटर गाडी चालवली.

झालं असं की, मागच्या हिवाळ्यात पुसदला एका लग्नाला गेलो होतो. येताना दुपारी अडीचला दिग्रसला थांबलो. बसस्टँडच्या मागच्या वस्तीत एका घराच्या पुढच्या खोलीत रामेन मिळतं, असं कुणीतरी सांगितलं होतं. रामेन म्हणजे जपानी रस्सा-शेवया. यवतमाळ जिल्ह्यात जपानी जेवण! मी हौसेनं बसलो. आणि आलं काय, तर कोमट पाणी, त्यात शेवया, वर अर्धं अंडं. घरी येऊन मोबाईलवर पाचापैकी दोन तारे दिले आणि खाली लिहिलं, ‘मिठाच्या पाण्यात पोहणाऱ्या शेवया. पैसे आणि भूक दोन्ही वाया.’ माझं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. खराब माल आला की मी तोंडावर सांगतो, तीच सवय इथं लागली.

दोन दिवसांनी त्याखाली मालकिणीचं उत्तर आलं. ‘भाऊ, एकदा सकाळी अकराला या. तेव्हाही असंच लागलं तर मी स्वतः दोनाचा एक तारा करून मागीन.’

मी वर्षभर ते उत्तर दुर्लक्षिलं. पण मधूनमधून त्या पानावर जाऊन बाकीच्यांचं जुनं-नवं वाचायचो. मोठी गंमत होती. एकजण लिहितो, ‘नागपूरलाही असं मिळत नाही, रस्सा प्यायलो आणि सर्दी पळाली.’ त्याच आठवड्यात दुसरा लिहितो, ‘गरम पाणी.’ तिसरी बाई, ‘ताईचा हात सोन्याचा, मागू तेवढा रस्सा वाढते.’ चौथा, ‘एक वाजता गेलो तर बंद. माजले आहेत.’ एकाच दुकानाबद्दल लोक इतकं उलटसुलट कसं बोलतात, हे काही मला समजेना.

“ती बाई बिचारी बोलावून राह्यली तर जा न एकदा,” आमच्या मंगलाबाई, म्हणजे माझी बायको, शेवटी वैतागून म्हणाली. “नाहीतर तो मोबाईल तरी ठेवा बाजूला.”

डिसेंबरातल्या एका शनिवारी सकाळी सातला निघालो. देवळी, कळंब, यवतमाळ, दारव्हा, दिग्रस असा रस्ता. कळंबला चिंतामणीचं दर्शन घ्यायचं असेल तर पाऊण तास जास्तीचा धरा. यवतमाळपर्यंत रस्ता झकास आहे, पुढं दारव्ह्याच्या बाजूला थोडं जपून. दोन्हीकडं कापूस फुटलेला, तुरीला शेंगा धरलेल्या. दिग्रसच्या अलीकडं जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, तिथं वीस मिनिटं गेली. यवतमाळला तर्री-पोह्यांचा मोह झाला होता, पण मंगलानं आवरला. “पोट रिकामं ठेवा. भांडायचं असन तर नीट खाऊन भांडा.”

अकरा वाजून दहा मिनिटांनी पोचलो. सहा टेबलं, पांढऱ्या भिंती, मागं उघडं स्वयंपाकघर. त्यात कमरेएवढा गंज, म्हणजे आपलं मोठं पातेलं, मंद आचेवर. मालकीण वर्षाताई पस्तिशीची, दिग्रसचीच. जपानमध्ये पाच वर्षं म्हाताऱ्या माणसांची सेवा करायचं काम करून आलेली. त्या वृद्धाश्रमाशेजारी एका आजोबांचं रामेनचं दुकान होतं, सुटीच्या दिवशी त्यांच्या हाताखाली शिकली. मी ओळख सांगितली तशी हसली.

“दोन तारेवाले भाऊ? बसा बसा. वैनी, तुम्ही पण बसा.”

आणि वाडगा आला. काय सांगू! कोंबडीच्या हाडांचा रात्रभर उकळलेला रस्सा, दुधासारखा पांढुरका आणि इतका दाट की ओठ चिकटत होते. वर भाजलेल्या तिळाचं तेल, कांद्याची पात, आत मऊ पिवळा बलक असलेलं अंडं. शेवया ती स्वतः करते, कणीक भिजवताना त्यात पापडखार घालते. त्यानं शेवया पिवळसर होतात आणि दाताखाली तुटत नाहीत, ताणल्या जातात. मंगलाचा वाडगा शाकाहारी होता, आपल्याच भागातलं सोयाबीन आंबवून केलेल्या रस्स्याचा. मी त्यातलाही दोन चमचे प्यायलो आणि माझ्या वर्षभराच्या हुशारीची मला लाज वाटली. चिकनचा वाडगा एकशे ऐंशी, शाकाहारी दीडशे. डोळे मिटून जा.

आता पुढचं नीट ऐका. रस्सा संपला आणि मी आपल्या रीतीप्रमाणं वाडगा वर केला. आपल्याकडं मिसळ असो, तर्री-पोहे असो की सावजी, रस्सा वाढून घेणं हा हक्कच. कुणी नाही म्हटलं तर आपण त्याला गावभर चिंधीचोर म्हणतो. वर्षाताईनं पळीभर ओतला. मी परत वाडगा वर केला, तिनं परत ओतला. शेजारच्या टेबलावर जिनिंगचे एक शेठ होते, रोजचे गिऱ्हाईक. त्यांनी तिसऱ्यांदा घेतला. पलीकडं कॉलेजातल्या चार पोरी बसल्या होत्या, त्यांनीही. ती सगळ्यांना हसत वाढत होती.

साडेबारा वाजले. आम्ही चहा सांगितला. एवढ्यात दारात एक म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले. धोतर, टोपी, काखेत पिशवी. चपला बाहेर काढू की नको, अशा विचारात.

“इथंच भेटते न ते, जपानचं?”

“हो काकाजी, या न.”

किसनराव त्यांचं नाव. घाटंजीकडचे कापूसवाले शेतकरी. सकाळी सहाला निघून दोन एसट्या बदलून आले होते. खुर्चीच्या कडेवर बसले आणि आपणहून सांगू लागले. “माही पोरगी तिथं गेली दीड वर्ष झालं. म्हाताऱ्यायची सेवा करते. रोज फोनवर इचारतो, जेवली काय? म्हणते, जेवली. काय जेवली? तर म्हणते, इथलंच. आता ‘इथलंच’ म्हणजे काय, मले काय माहीत? पुतण्यानं हे दुकान दाखवलं मोबाईलवर. म्हटलं पाहून तर येऊ, पोरगी खाते तरी काय.”

वर्षाताई गंजाकडं गेली. झाकण काढलं, गंज तिरपा केला, आणि पळी तळाला खरवडल्याचा आवाज आम्हाला टेबलापर्यंत ऐकू आला.

“काकाजी,” ती तिथूनच म्हणाली, “आज संपलं हो.”

“थोडंसं असन तर चालते, बाई. वाटीभर.”

तिनं रिकामी पळी वर करून दाखवली. आणि मग माझ्याकडं पाहत, पण रागानं नाही, म्हणाली, “मागच्या वर्षी तुमच्या वेळेलाही हेच झालतं, भाऊ. तुम्हाले नाही म्हणवलं नाही, म्हणून पाणी घालून दिलं. त्या दिवसापासून ठरवलं, संपलं तर संपलं. पाणी नाही घालायचं.”

ज्या पाण्याला मी दोन तारे दिले होते, ते माझ्या आधी कुणीतरी वाडगा वर केला म्हणून आलं होतं. आणि आज तो वाडगा वर करणारा मी होतो. सांगायला लाज वाटते, पण या म्हाताऱ्याच्या वाटचं मी दोन पळ्यांनी पिऊन बसलो होतो. माझ्या समोरच्या वाडग्यात तळाशी घोटभर उरला होता, पण उष्टा कुणाला देता येतो?

किसनराव उठले. “असू द्या. नशिबात नसन.”

“बसा हो काकाजी, कुठं चालले?” मंगला एकदम म्हणाली. मग वर्षाताईकडं वळून, “ताई, रस्सा व्हायला किती वेळ लागते?”

“रात्रभर.”

“अन् शेवया शिजायला?”

“दोन मिनिटं.”

“मंग बाई, तुम्ही रस्सा कायले वाढता? शेवया वाढा न!”

वर्षाताईनं पळी खाली ठेवली. “तिकडं तसंच असते, वैनी,” ती हळूच म्हणाली. “दुसऱ्यांदा शेवया मिळतात, रस्सा नाही. आजोबा मले हजारदा सांगत. पण इथं उघडलं तेव्हा वाटलं, रस्सा नाही म्हटलं तर लोक म्हणतील, जपानहून आली अन् हात आखडला. घरी आलेल्याले रस्सा नाही कसं म्हणावं?” मग डोळे पुसून म्हणाली, “सासरचे म्हणून राह्यले, संक्रांतीपर्यंत पाहू. नाहीतर हे बंद कर अन् साधं चायनीज लाव. रोज दहा माणसं नाराज होऊन जातात, त्याहीचं चुकत नाही.”

आता काय करायचं? नवा रस्सा उद्या सकाळीच मिळणार, आणि किसनरावांकडं दुसऱ्या दिवशी कापूस वेचणीच्या बाया येणार होत्या. मंगलानं त्यांच्याच फोनवरून त्यांच्या घरी फोन लावला. पलीकडून त्यांच्या बायकोचा आवाज मलाही ऐकू आला. “आता गेलेच हाय तर खाऊनच या म्हणा! बायायचं मी पाहून घेतो. पोरगी काय खाते ते मले पण सांगजा.”

किसनराव वर्षाताईच्या घरीच राहिले, ती ऐकायलाच तयार नव्हती. आम्ही बसस्टँडजवळच्या लॉजवर खोली घेतली. आठशे रुपये, गरम पाणी सकाळी सात ते आठ, चादरी स्वच्छ. संध्याकाळी बाजारात फिरलो, मंगलानं तूरडाळ घेतली.

रविवारी अकराला आम्ही तिघं पहिल्या टेबलावर. शेठ त्यांच्या जागेवर. पहिला वाडगा संपवून त्यांनी सवयीनं वर केला.

“रस्सा एकदाच शेठजी,” वर्षाताई म्हणाली. “शेवया वाढते, पाहिजे तेवढ्या.”

“काहून? विहीर आटली काय?”

“आटते न. रोज साडेबाराले आटते. काल घाटंजीहून आलेले काकाजी उपाशीच परत चालले होते.”

शेठनी किसनरावांकडं पाहिलं, टोपीकडं, पिशवीकडं पाहिलं. मग वाडगा खाली ठेवला. “वाढा मंग शेवया.” तीनदा वाढून घेतल्या त्यांनी, आणि जाताना बजावलं, “पोट भरलं, पण रस्सा देत नाही हे काही बरोबर नाही हं, ताई.” म्हणजे तक्रार राहिलीच. तक्रारीशिवाय जेवण पचत नाही आपल्याकडं.

किसनराव मात्र आधी नुसते वाफेकडं पाहत राहिले. जेवायच्या जपानी काड्या बाजूला सारल्या, वाडगा दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावला आणि असा फुरका मारला की शेजारच्या टेबलावरची पोरं वळून पाहू लागली. “मारा काकाजी, तिकडं असंच पितात,” वर्षाताई म्हणाली. मग त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. एकेक शेवई, अंडं, पात, सगळं संपलं. टोपी काढून कपाळ पुसलं.

“मीठ जरा जास्त हाय,” ते म्हणाले. “पण दाट हाय. गरम हाय. मले रोज वाटे, पोरगी तिथं अर्धपोटी निजत असन अन् मले सांगत नसन. हे खात असन तर नाही मंग उपाशी.” त्यांनी टोपी परत डोक्यावर चढवली, आणि वर्षाताई गंजाआड जाऊन उभी राहिली.

त्या दिवशी दोन वाजता दुकानात शेवटचा वाडगा गेला तो पहिल्याइतकाच दाट होता. मी मुद्दाम थांबून, त्यातला रस्सा आधी वाटीत घेऊन चाखून पाहिला. नंतर किसनरावांना यवतमाळच्या बसस्टँडवर घाटंजीच्या गाडीत बसवून आम्ही संध्याकाळी वर्ध्याला पोचलो.

जाणाऱ्यांसाठी थोडक्यात: सोमवारी बंद. मुलांना शाकाहारी वाडगा जास्त आवडेल. गाडी गल्लीत घालू नका, बसस्टँडच्या बाजूला लावा. रस्सा एकदाच मिळेल, तो सावकाश प्या. इतकं मन लावून केलेलं जेवण मी आपल्या पूर्ण भागात खाल्लं नाही. रागानं गेलो होतो, आणि घरी आलो तेव्हा स्वतःचाच राग आला होता. तोही चार दिवसांत उतरला.

आठ दिवसांनी माझ्या दुकानात असताना किसनरावांचा फोन आला.

“भाऊ, पोरीले सांगतलं, म्या तुहं ‘इथलंच’ खाऊन पाह्यलं. तर रडाले लागली. म्हणे, बाबा, म्या तर अजून एकदाही नाही खाल्लं. रोज खोलीत भात लावतो अन् मीठ टाकून खातो. हॉटेलात एकटी कशी बसू, लाज वाटे. तुम्हाले काळजी नको म्हणून ‘इथलंच’ म्हणत व्हती.”

मी विचारलं, “मग?”

“मंग काय! म्हटलं, मी साठी उलटलेला माणूस, जन्मात एकटा कधी हॉटेलात गेलो नव्हतो, तरी गेलो, तुले काय झालं? काल सुटी व्हती तिले. गेली. पूरा कटोरा संपवला म्हणते, अन् फोटो धाडला.”

संध्याकाळी घरी गेलो तर मंगलानं दारातच माझ्या तोंडाकडं पाहिलं. “काय झालं? डोळे कायले लाल?”

“काही नाही,” म्हटलं. “किसनरावांची पोरगी जेवली.”