दहापैकी नऊ

माझी मुलगी मुक्ता सकाळी एका नव्या व्हिडिओ गेमचं परीक्षण मोठ्याने वाचत होती. गोष्ट शिळी आहे, लढाया त्याच त्या आहेत, खेळ मध्येच बंद पडतो. एवढं झोडपून शेवटी गुण दिले होते दहापैकी नऊ.

"हे कसं काय गं?" मी विचारलं.

"अगं आई, खेळताना लिहिणाऱ्याला मजा आली असणार. चुका नंतर लिहायला बसल्यावर आठवल्या."

मला त्या खेळाचा चक्क हेवा वाटला. आमच्या घरात असं भाग्य फक्त माझ्या धाकट्या जावेचं, वृंदाचं आहे. तिच्या मोदकांची पारी जाड असते आणि उकडताना दोन-चार तरी फुटतातच. सासूबाई एकेक चूक दाखवतात आणि दाखवता दाखवता तिसरा मोदक उचलतात. माझ्या मोदकांना "छान, सुबक झालेत," म्हणतात आणि एकावर थांबतात. इतक्या वर्षांत त्यांनी माझी एकही खोट काढली नाही. खोट सापडेल इतकं लक्ष देऊन त्यांनी माझा मोदक कधी खाल्लाच नसावा.

संध्याकाळी मी सासूबाईंना सरळ विचारलं, "आई, यंदा गणपतीचे मोदक कोण करणार?"

"वृंदा करू दे. तू फक्त तिला कळ्या पाडायला शिकव. फार बेढब करते गं ती!"

मी बरं म्हटलं. कळ्या शिकवीन. पण ती सारण परतायला घेईल तेव्हा मी तिच्या शेजारून हलणार नाही.