झाडाचा दगड

चोर-दरोडेखोरांना मी कधी घाबरलो नाही. बरखेड्यातल्या एका दगडाला मात्र घाबरलो.

बरखेडा म्हणजे भोपाळमधल्या सरकारी कारखान्याची टाउनशिप; मी तेव्हा तिथल्या ठाण्याचा प्रभारी होतो. तळमजल्यावरच्या एका क्वार्टरमध्ये नागपूरहून आलेल्या तंत्रज्ञाचं कुटुंब राहायचं. आठवडाभर रोज संध्याकाळी त्यांच्या अंगणात दगड पडत होते आणि फेकणारा दिसत नव्हता. घरात तीन महिन्यांचं बाळ, त्याला ताप. सातव्या दिवशी पडलेला दगड पाहून सगळी वस्ती हादरली. त्याला साल होती, रेषा होत्या, वजन मात्र दगडाचं. लाकडाचा दगड केलाय, ही करणीच, असं कुणीतरी म्हणालं. संशय गेला बाळाला मालिश करायला येणाऱ्या अम्मावर. ती विधवा होती आणि टाउनशिपच्या भिंतीपलीकडच्या झोपडीत एकटी राहायची. पुरावा म्हणायचा तर एवढाच.

खबर दूधवाल्याने आणली. "साहब, जल्दी चलिए, अम्मा को खंभे से बाँध रहे हैं!"

तिला सोडवून ठाण्यात आणलं. मागोमाग जमाव फाटकाशी. आत आम्ही पाच जण. बाळाचे वडील माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "साहेब, बाळाला काही झालं तर हे लोक तिला जिवंत ठेवणार नाहीत. मला आवरणार नाहीत."

हवालदाराने पंचनामा लिहिला, पण दगडाला हात लावेना. फडक्यात धरून मुद्देमालाच्या खोलीत, मालखान्यात ठेवला आणि दारावर लिंबू-मिरची टांगली. मी त्याला रागावलो नाही. खरं सांगायचं तर मलाही जरा बरं वाटलं.

अम्माला विचारलं, "ये तुमने किया है?"

"मुझसे कुछ होता साहब, तो मेरा लड़का मरता?"

मी वही मिटली.

सकाळी दगड घेऊन कॉलेजातल्या भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांकडे गेलो. ते मूळचे ग्वाल्हेरचे. त्यांनी भिंग लावलं आणि हसलेच. "अहो, लाकूडच होतं हे, कोट्यवधी वर्षांपूर्वी. ताडाच्या जातीचं. मंडल्याकडे शेतात नांगराला लागतात असले तुकडे. हा भोपाळच्या मातीतला नाही, कुणीतरी आणलेला आहे."

कारखान्यात प्रत्येकजण कुठून ना कुठून आलेला. पण सरकारी नोकरीत प्रवास सवलतीसाठी मूळ गाव लिहून द्यावं लागतं. कार्यालयातून ती यादी मागवली. मंडल्याचे दोघेच निघाले. त्यातला एक समोरच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचा आणि तळमजल्याच्या क्वार्टरसाठी प्रतीक्षा यादीत पहिला होता.

त्याला समोर बसवलं. तो म्हणाला, "मंडला? मैं तो बरसों से गया ही नहीं."

मी त्याचा मागच्याच वर्षीचा सवलतीचा अर्ज टेबलावर ठेवला. सही त्याचीच होती. तो रडायलाच लागला. "माँ से सीढ़ी नहीं चढ़ी जाती, साहब. सोचा, डरकर क्वार्टर छोड़ देंगे. उस दिन छत पर पत्थर खत्म हो गए थे. घर में वही पड़ा था, गाँव से लाया था." आठवडाभर सगळे अंगणात बघत राहिले, वर कुणी बघितलंच नव्हतं. मीसुद्धा.

फाटकापाशी उभा राहून मी जमावाला सगळं समजावलं. लोक गुपचूप घरी गेले. बाळाचा ताप तोवर डॉक्टरांच्या औषधाने उतरला होता.

आता एक कबुली देतो. माझी मुलगी तेव्हा दोन महिन्यांची होती, तिलाही अम्माच मालिश करायची. अम्मा ठाण्यात बसलेली असताना मी बायकोला निरोप धाडला होता, तिचा हात लागलेलं तेल फेकून दे. त्याची लाज वाटत होती, म्हणून प्रकरण मिटल्यावर अम्माला मालिशसाठी परत बोलवायला मी स्वतः गेलो. ती दारातूनच म्हणाली, "कल को बिटिया को बुखार आ गया तो, साहब?"

मी तसाच परत फिरलो. खरा गुन्हेगार सापडला की निरपराध माणूस सुटतो, असं मी तोवर समजत होतो.