बांधावर पुरलेला बैल

वीस वर्षं झाली, दहावीला एकच धडा शिकवतोय. फळ्यावर माणसाचा हात, बैलाचा पाय, वटवाघळाचा पंख आणि देवमाशाचा पर काढायचा. वर एक हाड, खाली दोन, मग मनगट, मग बोटं, असं सगळीकडे दाखवायचं आणि फार पूर्वी या सगळ्यांचा पूर्वज एकच होता म्हणून सांगायचं. पोरं माना डोलावतात आणि विचारतात, "सर, किती मार्काला येतं?" खरं सांगतो, मला त्या धड्याचा वीट आला होता.

यंदा वाटलं, खरी हाडंच दाखवावीत. आमच्याकडे घरचा बैल मेला की मीठ टाकून शेतातच पुरतात. आमचा म्हातारा बैल चार वर्षांपूर्वी गेला, तो सेनगावच्या शेतात बांधाला पुरलेला. बाबा अजून त्याच्याबद्दल घरच्या माणसासारखं बोलतात. विचारलं असतं तर नाहीच म्हणाले असते, म्हणून रविवारी न सांगता कुदळ घेऊन गेलो. पन्नाशीला टेकलेला मास्तर बापाची नजर चुकवून खड्डा खणतोय! सोयाबीन निघाल्यावर जमीन कडक झालेली. दम लागला, मनगट भरून आलं. पुढच्या पायाची हाडं हाती लागली, तेवढ्यात बाबा बांधावर उभे.

"काहून उकरून राहिला त्याला?"

इतका थकलो होतो की खोटंही सुचेना. हाडं माझ्याच हाताला लावून धडा सांगितला. हा दंड, ही खालची दोन हाडं एकमेकांना चिकटलेली. आपण त्याचा गुडघा म्हणतो ते मनगट, आणि खूर म्हणजे दोन बोटं. बैल शेवटी त्याच सांध्यात लंगडायचा. बाबा तिथं रोज हळद-तेल गरम करून चोळायचे. त्यांनी स्वतःचं संधिवातानं सुजलेलं मनगट दाबून पाहिलं.

"म्हंजी मनगट दुखायचं त्याचं?"

"व्हय."

"आन आपला न् त्याचा मूळपुरुष एकच?"

"लई जुना, पण एकच."

"मंग भावकीतलाच झाला की. भावकीतल्या मानसाला उकरून शाळेत नेत्यात व्हय?"

मला लाज वाटली. हाडं होती तिथंच ठेवली, माती लोटली. बाबांनी ती हातानं दाबून सारखी केली.

सोमवारी फळ्यावर पुन्हा खडूनंच पाय काढला. नेहमीचा प्रश्न आला. "दोन," मी म्हणालो. बैलाच्या गुडघ्यापाशी बाण काढून 'मनगट' लिहायला गेलो, तर खणून दुखावलेलं माझं मनगट ठणकलं.